धडक देणाऱ्याचं नाव

त्या शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास मी कांदे चिरत होते, तेव्हा ओजसचा फोन वाजला. त्यानं दोनदा "येस सर" म्हटलं, एकदा "थँक यू सो मच" म्हटलं, आणि फोन ठेवून माझ्याकडं असा बघत राहिला की मला वाटलं, ह्याला शाळेत बढतीच मिळाली.

"आई, आपला नंबर लागला. हरीण!"

ओजस माझा एकुलता एक मुलगा. इथंच मिनेसोटात जन्मला, तेहतीस वर्षांचा, हायस्कूलमध्ये सायन्स शिकवतो. "शिकवायचा" असं म्हणणं माझ्या जिवावर येतं, म्हणून "शिकवतो" असंच म्हणते. तुम्ही पुढं ऐका म्हणजे कळेल.

ह्याचे बाबा, कुमार, गेले आणि आम्ही ईडन प्रेरी ह्या शहरी उपनगरातलं तीस वर्षांचं घर विकून पश्चिमेला, तासाभराच्या अंतरावर, ह्याच्या शाळेजवळच्या लहानशा गावात राहायला आलो. इथं शेतं, तळी आणि हरणं. हरणं इतकी की दर आठवड्याला एखादं रस्त्यावर गाडीखाली येतं. आणि आमच्या चिरंजिवांच्या डोक्यात शिरलं की दुकानातलं प्लास्टिकमधलं मटण खाण्यापेक्षा हे खावं. फुकट जाणारा जीव कामी येतो, म्हणे. मी नागपूरची. सावजी मसाल्यात काय घातलं की काय होतं हे मला कोणी सांगायला नको, पण रस्त्यावरचं मेलेलं जनावर? मी आधी खूप हसले.

तो मात्र सगळं वाचून बसला होता. मेलेलं हरीण दिसलं म्हणून उचलून गाडीत टाकलं, असं करता येत नाही. ते सरकारचं. ऑफिसर येऊन पर्मिट देणार, मगच ते आपलं. पहिला हक्क ज्याच्या गाडीची धडक बसली त्याचा. त्यानं नको म्हटलं किंवा तो निघून गेला, तर आमच्या काऊंटीत, म्हणजे जिल्ह्यात, एक यादी ठेवली होती, त्यातल्या पुढच्या माणसाला फोन जायचा. मांस विकायचं नाही, घरी खायचं किंवा कोणाला द्यायचं. यादीत नाव घालून ह्याला पाच महिने झाले होते.

"कोणी उडवलं?" मी विचारलं.

"कोणास ठाऊक. ड्रायव्हर थांबलाच नाही. कोणीतरी जाता जाता बघितलं आणि कळवलं. आई, तू येतेस ना? प्लीज. आय नीड अ डॉक्टर."

मी पॅथॉलॉजिस्ट. बत्तीस वर्षं मेलेली माणसं तपासली आणि त्यांच्या दाखल्यांवर सह्या केल्या. तेव्हा मेलेलं जनावर खाण्याजोगं आहे की नाही हे सांगायला माझ्याहून बरं माणूस ह्याला कुठं मिळणार होतं? कांदे तसेच झाकून ठेवले आणि निघाले. शिकारीचे दिवस होते, शिकाऱ्यांना लांबून माणूस ओळखू यावा म्हणून दोघांनी केशरी जाकिटं चढवली. त्याच्या पिकअपच्या मागच्या हौद्यात ताडपत्री, दोर, रबरी हातमोजे आणि बर्फाच्या दोन पिशव्या टाकल्या. गाडी त्यानं आदल्याच दिवशी धुतली होती. समोरचे दोन्ही दिवे, बंपर, जाळी, सगळं लखलखीत होतं. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण ते बघितलेली माझ्याशिवाय आता कोणीच नाही.

जायला अर्धा तास लागला. नोव्हेंबरातला दिवस, हिवाळ्यासाठी घड्याळं नुकतीच तासानं मागे घेतलेली, त्यामुळं चार वाजताच उजेड करडा पडला होता. रस्ता सरळ, दोन्हीकडं दलदल आणि तिच्यात पुरुषभर उंचीचं वाळकं गवत. लांबवर एक शेतघर. ऑफिसरची गाडी दिवे लावून उभी होती, आणि तिच्या पुढं रस्त्याच्या कडेला हरणी पडली होती. मादी, दोन-अडीच वर्षांची असेल.

ऑफिसर तरुण होता, थंडीनं नाक लाल झालेलं. "मीच फोन केला होता," असं म्हणून त्यानं ओजसशी हात मिळवला. हे त्याचे शब्द. मी तिथंच उभी होते.

मी हातमोजे चढवून खाली बसले. डोळे स्वच्छ होते, काचेसारखे, त्यांवर साय धरली नव्हती. केस ओढून बघितले, उपटून आले नाहीत. मांडी आणि पोट ह्यांच्या मधे हात घातला. ऊब होती, चांगलीच ऊब. पोट फुगलेलं नव्हतं. पुढचा एक पाय आणि त्या बाजूच्या फासळ्या मोडलेल्या, मागचा भाग पूर्ण शाबूत.

"दीड-दोन तासांच्या आतलं आहे," मी म्हटलं. "मागच्या मांड्या उत्तम. आजच सोलून थंड करायला हवं."

"यू आर द बेस्ट," ओजस म्हणाला. इतका खूश मी त्याला वडील गेल्यानंतर पहिल्यांदाच बघत होते, आणि खरं सांगते, मलाही हुरूप आला. सावजी रस्सा, भाकरी, मराठी मंडळातल्या चार लोकांना बोलवायचं, सगळा बेत मी तिथं बसल्या बसल्या ठरवून टाकला.

तेवढ्यात उजवीकडच्या गवतात काहीतरी सळसळलं. एकदा, मग थोडं थांबून पुन्हा एकदा. वारा नव्हता.

"मस्करॅट असेल," ओजस म्हणाला. "हे मोठे पाणउंदीर इथं खूप आहेत."

मी बरं म्हटलं. बत्तीस वर्षं डॉक्टरकी केलेली बाई, मी बरं म्हटलं आणि हरणीच्या मांडीकडं बघत राहिले. ह्याची लाज मला मरेपर्यंत पुरेल.

दोघांनी मिळून ती उचलून हौद्यात टाकली. ओजसचे हात रक्तानं माखले होते, म्हणून ऑफिसरनं फळीवर लावलेला फॉर्म माझ्या हातात दिला आणि तो आपल्या गाडीत वायरलेसवर बोलायला गेला. फॉर्म भरायचा म्हटलं की आमच्याकडं सगळे माझ्याच तोंडाकडं बघतात. नाव, ओजस. पत्ता. लायसन्स. गाडीचा नंबर. जनावर कोणतं, नर की मादी, कुठं मिळालं, किती वाजता. शेवटचा रकाना होता, धडक देणाऱ्याचं नाव.

"ते ब्लँक ठेव, आई," ओजस मागून म्हणाला. "वुई डोन्ट नो."

आता इथं माझी एक जुनी जखम सांगायला हवी. एक्क्याऐंशी साली कुमार इथं पुढं आले आणि माझे व्हिसाचे कागद मागून निघाले. त्या कागदांत एक रकाना मी रिकामा सोडला होता, मला लागू नव्हता म्हणून. सगळं बाड परत आलं. सात महिने. नवीन लग्न झालेली मी, सात महिने नागपुरात सासूच्या टोमण्यांत काढले, एका रिकाम्या चौकोनापायी. तेव्हापासून मी रकाना रिकामा सोडत नाही. ह्या मिनेसोटातल्या अर्ध्या मराठी लोकांची ग्रीन कार्डं माझ्या हाताखालून गेली आहेत, आणि प्रत्येकाला मी हेच बजावलं आहे.

"माहीत नाही" असं लिहिता आलं असतं. दाखल्यांवर मी ते शेकडो वेळा लिहिलं आहे. पण त्याच क्षणी एक मोठी पिकअप आमच्या शेजारी येऊन हळू झाली. आतल्या माणसानं काच खाली केली, हौद्यातल्या हरणीकडं एकटक बघितलं, काच वर केली आणि निघून गेला. माझ्या मनात आलं, हाच तर नव्हे? उद्या हा येऊन म्हणाला की मी उडवलं होतं, पहिला हक्क माझा, तर? फॉर्मवर जागा रिकामीच. हातातोंडाशी आलेला घास गेला.

वरचे रकाने ओजसच्याच माहितीनं भरून हाताला ते वळण पडलंच होतं. मी शेवटच्या रकान्यातही ओजसचंच नाव लिहिलं.

पेन उचललं आणि मागे धप्प असा आवाज झाला. जड, मऊ आवाज. पिकअप जागच्या जागी हलली. मला वाटलं, हरीण हौद्यात सरकलं. वळून बघितलं तर ते दोराला घट्ट बांधलेलं होतं, आणि ओजस पलीकडं उभा राहून बर्फानं हात धूत होता. गवतातली सळसळ थांबली होती. जळक्या रबराचा वास आला, आणि त्यात मिसळलेला काहीतरी गोडसर वास.

ऑफिसर परत आला. मी फळी दिली. त्यानं फॉर्म वाचला, खालपर्यंत वाचला, आणि मान वर केली तेव्हा त्याचा चेहरा बदललेला होता. मघाशी रुक्ष होता, आता एकदम काळजीचा झाला.

"तुम्ही दोघं ठीक आहात ना?" तो हळू आवाजात म्हणाला. "मान वगैरे दुखत नाही ना? अशा धक्क्यानंतर लगेच कळत नाही."

मला वाटलं, मी लिहिलं ते त्यानं खरं मानलं. चोराच्या मनात चांदणं. मी गुळमुळीत हसले आणि गाडीत जाऊन बसले.

परतताना अंधार पडला होता. बराच वेळ मला कळेना की रस्ता असा तिरपा का दिसतो आहे. मग लक्षात आलं. समोर एकच झोत होता, डावीकडचा.

"ओजस, एक दिवा गेलाय."

"हो ना," तो म्हणाला. "सोमवारी बघतो."

घरी पोचलो तेव्हा साडेपाच झाले असतील. गराजचं दार वर गेलं, दिवा लागला. मी उतरून पुढं आले आणि तिथंच उभी राहिले. उजवा दिवा फुटलेला. बंपर आत गेलेला, बॉनेटचा कोपरा वर वाकलेला, जाळीत तपकिरी केसांचा झुपका अडकलेला. खाली काँक्रीटवर रेडिएटरमधलं हिरवट पाणी टपकत होतं. तोच गोडसर वास.

"हे काय? कधी झालं?"

"कधी म्हणजे?" ओजस ताडपत्री सोडत होता. "आई, वुई हिट अ डिअर."

"चेष्टा पुरे."

तो थांबला. माझ्याकडं नीट बघितलं. मग जवळ येऊन त्यानं माझे दोन्ही खांदे धरले, माझ्या आजारपणात धरायचा तसे.

"आई. आपण घरी येत होतो. ती डावीकडून आली. तू किंचाळलीस. मी ब्रेक मारला, पण... तूच पोलिसांना नाइन वन वन केलंस. ऑफिसर आला. आठवतंय ना?"

"ऑफिसरचा तुला फोन आला! तीन वाजता! मी कांदे चिरत होते!"

"कुठले कांदे?"

मी घरात धावले. ओट्यावर कांदे नव्हते. चाकू जागेवर, कोरडा. मग फोन काढला, त्याचा नाही, माझा. तीन वाजून बावन्न मिनिटांनी माझ्या फोनवरून नाइन वन वनला कॉल गेलेला होता. दोन मिनिटं, अकरा सेकंद. मग त्याचाही मागून घेतला, त्यावर दुपारी तीनला कोणाचाही कॉल नव्हता.

मी काही मूर्ख बाई नाही. म्हातारपणी मेंदू काय काय खेळ करतो हे मला चांगलं माहीत आहे. मी स्वतःला आजची तारीख विचारली, शंभरातून सात सात वजा केले, कुमारच्या बहिणींची नावं थोरलीपासून म्हटली. सगळं बरोबर आलं. मग परत गराजमधे गेले. ओजसनं हरीण टांगून सोलायला घेतलं होतं. कातड्याखाली फासळ्यांवर मोठा काळानिळा डाग होता, आणि त्याच्या मधोमध बंपरची कड स्पष्ट उमटलेली होती. मी तो डाग बोटांनी मोजला. मग जाऊन आमचा बंपर मोजला.

"तू जेवून झोप," ओजस म्हणाला. "इट्स शॉक. आय गॉट धिस."

झोप कसली लागते? मी त्या फॉर्मची आम्हाला मिळालेली पिवळी प्रत समोर घेऊन बसले. माझंच अक्षर, माझाच ठाम, गोल ओ. मी तिथं जे लिहिलं, तेच खरं होऊन बसलं होतं. तोपर्यंत मला फक्त भीती वाटत होती. नक्की कशाची, ते सकाळी कळलं.

रविवारी दहा वाजता शेरिफच्या, म्हणजे काऊंटीच्या पोलिसांच्या, ऑफिसातून एक बाई आली. साध्या कपड्यांतली, तपास करणारी, पन्नाशीची. बोलणं अगदी मऊ. मी सवयीनं चहा टाकला, तीन कप स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवले, आणि ओजसच्या शेजारच्या खुर्चीवर बसले.

"काल तुम्ही हरणाला धडक दिलीत," बाई ओजसला म्हणाली. "तेव्हा रस्त्यावर आणखी कोणी होतं?"

"नो."

"पायी चालणारं? रस्त्याच्या कडेनं?"

"नो. का?"

तिनं कपाकडं बघत सांगितलं. पलीकडच्या शेतघरातला एक म्हातारा दुपारी पत्रांची पेटी बघायला बाहेर पडला होता. परत आला नाही. रात्री त्याची बायको आणि शेजारी टॉर्च घेऊन निघाले, तेव्हा तो उजवीकडच्या गवतात सापडला. रस्त्यापासून पंधरा फुटांवर. हरीण आणि तो, एकाच धडकेत.

"तो लगेच गेला नव्हता," बाई म्हणाली. "तासभर तरी होता. गवत दाबलं गेलेलं आहे. तो रस्त्याकडं सरकायचा प्रयत्न करत होता."

मला ती सळसळ ऐकू आली. पुन्हा, तशीच. एकदा, मग थोडं थांबून पुन्हा एकदा. मी त्या माणसापासून पंधरा फुटांवर गुडघे टेकून बसले होते. मी हरणीच्या डोळ्यांत बघत होते, तिच्या मांडीची ऊब तपासत होते, रश्श्याला माणसं किती बोलवायची ते मोजत होते. आणि तिथं एक जिवंत माणूस आवाज करत होता. हे तर कोणत्याही फॉर्मनं केलेलं नव्हतं. हे मी केलं होतं.

बाई गराजमधे जाऊन आली. तिच्या हातात एक छोटी पारदर्शक पिशवी होती. "जाळीत हरणाचे केस आहेत," ती म्हणाली. "आणि करड्या लोकरीचे धागे. त्याचा स्वेटर करडा होता."

ओजस खुर्चीतून अर्धवट उठला. "आय ओन्ली सॉ द डिअर," तो म्हणाला. "आई, तू सांग ना. फक्त हरीण होतं. मी बघितलं असतं तर... मी थांबलो होतो ना तिथं. मी तिथंच होतो!" आणि तो रडायला लागला, टेबलावर डोकं ठेवून, लहान मुलासारखा.

माझा मुलगा, ज्यानं काही म्हणजे काही केलं नव्हतं. कोण्या अनोळखी माणसानं त्या दोघांना उडवलं आणि तो पळून गेला. त्याची जागा त्या कागदावर रिकामी होती, आणि तिथं मी माझ्या हातानं ओजसला बसवलं.

"ह्यांना माझ्याबरोबर यावं लागेल," बाई म्हणाली. "माणूस मेलाय. वकील बघून ठेवा."

तुम्ही आई असाल किंवा नसाल, सांगा, अशा वेळी काय सुचतं? मला एकच सुचलं. कागदानं झालं, तर कागदानंच उलटवायचं. मी ताठ बसले आणि म्हटलं, "हा खोटं बोलतोय. मला वाचवायला. गाडी मी चालवत होते."

"आई, व्हॉट आर यू डुइंग?"

"मला जबाबाचा फॉर्म द्या. मी लिहून देते."

बाईनं एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं. मग बॅगेतून फॉर्म काढला आणि पेन दिलं. ओजसनं माझं मनगट धरलं. त्याचा हात गरम होता, चांगलाच गरम. एरवी बोलण्यात सतत इंग्रजी मिसळणारा मुलगा, पण तेव्हा नीट मराठीत म्हणाला, "आई, नको लिहू. माझं ऐक. मला भीती वाटतेय."

"गप्प बस," मी म्हटलं. त्याच्याशी बोललेले माझे शेवटचे शब्द हे.

मी मनगट सोडवून घेतलं आणि लिहायला लागले. चालकाचं नाव, शोभना. वेळ. ठिकाण. गाडी कोणाच्या मालकीची, तिथंही मीच, म्हणजे त्याचा संबंधच नको. धडक देणारी व्यक्ती, पुन्हा मी. आणि शेवटी एक रकाना राहिला, गाडीतल्या इतर व्यक्तींची नावं.

एक क्षणभर थांबले. रिकामा सोडावा का? पण मग कोणीतरी उद्या त्यात ह्याचं नाव घालेल. कोणीतरी विचारेल, मुलगा कुठं होता? त्याला त्या रस्त्यापासून, त्या गाडीपासून, त्या म्हाताऱ्यापासून पूर्ण तोडायचं होतं मला. मी ठसठशीत लिहिलं, "कोणीही नाही."

मग सही केली.

फ्रिजची घरघर तेवढी ऐकू येत होती. शेजारचं रडणं थांबलं होतं. मला वाटलं, सावरला. मी पेन खाली ठेवून वळले.

शेजारी खुर्ची नव्हती. टेबलाला दोनच खुर्च्या होत्या. दोनच कप होते, एक माझा, एक तिचा.

"ओजस?" मी हाक मारली.

"काय म्हणालात?" बाईनं विचारलं.

"माझा मुलगा... आत्ता इथं..."

तिनं पुढं होऊन माझ्या हातावर हात ठेवला. ऑफिसरचा होता तसाच काळजीचा स्वर. "मॅडम, तुम्ही एकट्याच आहात. तुम्हाला कोणाला फोन करायचाय का? कोणी नातेवाईक?"

मी सगळं घर धुंडाळलं. ती बिचारी माझ्या मागे मागे फिरत होती. त्याच्या खोलीत शिवणाचं मशीन होतं. मला शिवता येत नाही. भिंतीवरच्या आमच्या फोटोत कुमार आणि मी होतो, आणि आमच्या दोघांच्या मधे बरोबर एका माणसाची जागा सोडलेली होती.

त्या रिकाम्या जागेकडं बघून मी जी ओरडले, ती थेट दवाखान्यातच शुद्धीवर आले.

त्याला आता एक वर्ष होऊन गेलं. माझ्यावर केस झाली. वय बघून तुरुंगात घातलं नाही, लायसन्स काढून घेतलं. म्हाताऱ्याच्या बायकोची मी हात जोडून माफी मागितली, ती मात्र मनापासून मागितली. शाळेत चौकशी केली, सायन्सला वीस वर्षं एकच शिक्षक आहे म्हणाले. मंडळातले लोक माझ्याशी फार गोड बोलतात. शोभनाताईंना मूलबाळ नाही ना, म्हणून, असं आपसात म्हणतात. माझ्या पोटावर टाक्यांची खूण आहे, तेहतीस वर्षांपूर्वीची. डॉक्टर म्हणतात, अपेंडिक्सची. मी डॉक्टर आहे. अपेंडिक्सची खूण कुठं असते हे मला माहीत नाही का?

त्याला परत आणायला काय लिहावं, कुठल्या कागदावर, हे मी रोज शोधते. शंभर फॉर्म भरून बघितले. मुलाचं नाव, ओजस. सगळे परत येतात, नोंद सापडत नाही म्हणून.

पण एक गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. गराजमधे एक आडवा फ्रीझर आहे. कागदोपत्री ते हरीण मी एकटीनं टांगलं, सोललं, कापलं आणि पाकिटं करून ठेवली. लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत नाही माझ्या बोटांनी. असो. पाकिटं आहेत, पांढऱ्या कागदात गुंडाळलेली, आणि प्रत्येकावर काळ्या पेननं मांसाचा प्रकार आणि तारीख लिहिलेली आहे. सातच्या आकड्याला मधे आडवी रेघ. तशी मी देत नाही, कुमारही देत नसत. अक्षर ओजसचं आहे. पहिल्या दिवशी चौदा होती. मी एकही खाल्लेलं नाही, एकही कोणाला दिलेलं नाही. आज सकाळी बघितलं तर फ्रीझर काठोकाठ भरलेला होता. सगळ्यात वरच्या पाकिटावर कालची तारीख आहे. मी हात लावून बघितलं, ते अजून कोमट होतं.